कडी दाराच्या कोणत्या बाजूला होती

मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी मला एका खाकी पाकिटातून काढून कौटुंबिक न्यायालयाच्या टेबलावर ठेवण्यात आले. न्यायाधीशबाईंनी मला उचलले, उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, "ही दाराला आतून होती की बाहेरून?"

दोन्ही वकील एकदम बोलू लागले. एकीने सांगितले, बाहेरून. दुसऱ्याने सांगितले, आतून. न्यायाधीशबाईंनी हात वर करून दोघांना थांबवले आणि मला पुन्हा एकदा पाहिले. माझ्या अंगावर तसे काही लिहिलेले नव्हते.

मित्रांनो, मी एक जुनी पितळी कडी आहे. लांबी सात इंच. एक पट्टी, तिला चार स्क्रूंची भोके, पट्टीवर सरकणारा एक दांडा आणि दांड्याला बोराएवढी मूठ. न्यायालयाच्या कागदांत माझे नाव 'निशाणी सात' असे आहे. एक बाई आपल्या नवऱ्यापासून घटस्फोट मागते आहे. कारण म्हणून तिच्या अर्जात 'क्रूरता' हा शब्द लिहिला आहे आणि त्या शब्दाखाली तिसऱ्या परिच्छेदात माझा उल्लेख आहे. नवऱ्याचे म्हणणे असे की कडी आतूनच होती आणि त्याने क्रूर असे काही केलेच नाही. ज्याच्यावर दोष ठेवायचा त्याचा दोष सिद्ध करावा लागतो, नाहीतर अर्ज फेटाळला जातो, एवढे मला पाकिटात पडल्या पडल्या समजले आहे. बाकीचे नीट समजलेले नाही. म्हणून जे घडले ते घडले त्या क्रमाने सांगते.

माझा जन्म एका लहान ओतशाळेत झाला. वितळलेले पितळ वाळूच्या साच्यात ओतले, साचा फोडला, आणि मी बाहेर पडले तेव्हा माझ्या कडा ओबडधोबड होत्या. मला घासणाऱ्या कारागिराची नजर अधू झाली होती, म्हणून तो अंगठ्याने तपासायचा. त्याने माझा दांडा दहा वेळा इकडून तिकडे सरकवला आणि शेजारच्याला म्हणाला, "ही पोरगी कुरकुर करायची नाही. कुठेही दिली तरी नांदेल." शेजारचा हसला. मला तो आशीर्वाद वाटला.

माझी पहिली नोकरी एका छायाचित्रकाराच्या काळोख्या खोलीत होती. तिथे मी दाराला आतून होते. छायाचित्रकार आत यायचा, मला लावायचा आणि मगच लाल दिवा पेटवायचा. कोणी बाहेरून दार ढकलले असते तर उजेड आत शिरून धुवायला ठेवलेले सगळे फोटो वाया गेले असते. चौदा वर्षांत एकही फोटो वाया गेला नाही. तो गिऱ्हाइकांना सांगायचा, "फोटो मी काढतो, पण सांभाळते ती आमची कडी." दार बंद ठेवणे म्हणजे आतल्याला जपणे, हे मी तिथे शिकले. त्या खोलीत ते खरेही होते.

पुढे फोटो धुण्याचे काम बंद पडले आणि दुकानही बंद झाले. फळ्या आणि दारे काढायला एक सुतार आला. त्याने मला पेचकसाने काढले, तळहातावर तोलले आणि खिशात टाकले. "आताच्या कड्या म्हणजे नुसता पत्रा," तो म्हणाला. मग त्याने एक विचित्र गोष्ट केली. माझ्या चार स्क्रूंची दारातली भोके त्याने भुसा आणि सरस कालवून बुजवली, वरून लांबी, म्हणजे खड्डे भरायचा लगदा, भरली आणि काचपेपर मारला.

छायाचित्रकार म्हणाला, "अरे, दार उद्या भंगारात जाणार आहे!"

"जाऊ दे. आज तर नाही ना गेलं."

या सुताराची ही सवयच आहे. भोक उघडे टाकून जाणे म्हणजे जेवून हात न धुता उठणे, असे तो म्हणतो. ही सवय ध्यानात ठेवा, कारण पुढे सगळे तिच्यापाशी येऊन अडले.

तीन वर्षे मी त्याच्या पत्र्याच्या पेटीत पडून होते. मग एका रविवारी सकाळी दहाच्या सुमारास त्याने मला आपल्या बहिणीच्या घरी नेले. तिसऱ्या मजल्यावरचे घर. शिरल्याबरोबर एक अरुंद बोळ, बोळात चपलांची फळी, विजेचा मीटर, आणि बोळाच्या टोकाला एक लहान खोली. त्या खोलीत बहीण काम करायची. ती कवळ्या बनवायची. दातांचे डॉक्टर तिच्याकडे जबड्यांचे ठसे पाठवायचे. ती त्यांत प्लॅस्टर ओतून साचे करायची, मेणात दात बसवायची, घासायची, चकचकीत करायची. इमारतीतले लोक म्हणायचे, बाकीच्यांच्या भिंतींना कान असतात, हिच्या भिंतींना दात आहेत. तिचा नवरा एका शाळेत पर्यवेक्षक होता. त्याला सगळे 'सर' म्हणत. त्याचा आवाज इतका मऊ होता की शाळेत मुले त्याचे बोलणे ऐकायला आपोआप गप्प होत, असे त्याचे कौतुक होते.

"प्लॅस्टरची पूड घरभर होते," सर सुताराला म्हणाला. "हिचं दार काही टेकून राहत नाही. एक कडी लावून दे."

"आतून लावू ना, भाऊजी?"

"आतून कशाला? तिचे हात सदा प्लॅस्टरने माखलेले. बाहेरून लाव. मीच लावत जाईन, मीच काढत जाईन."

सुतार हसला आणि खोलीकडे पाहून मोठ्याने म्हणाला, "ताई, नवरा असावा तर असा!"

आतून ती म्हणाली, "पुरे झालं कौतुक. चहा घेणार का ते सांग."

साडेदहाला मी दाराच्या बाहेरच्या बाजूला, बोळाकडे तोंड करून बसले. चौकटीवर कोयंडा बसला. सराने दांडा दोनदा सरकवून पाहिला. "वा," तो म्हणाला. "आवाजसुद्धा नाही." इतक्या वर्षांनी कोणी शाबासकी दिली म्हणून मला बरे वाटले, हे मी लपवणार नाही.

पहिला महिना सराने सांगितले तसाच गेला. पूड उडायची तेवढी दहा-पंधरा मिनिटे मी लागलेली असायची. मग एका शुक्रवारी सकाळी नऊ चाळीसला सर शाळेत जायला निघाला. त्याने पायांत बूट घातले, मला लावले, घराचे दार ओढून घेतले आणि गेला. अकराच्या सुमारास आतून दार ढकलले गेले. माझा दांडा कोयंड्यात घट्ट होता. पुन्हा ढकलले गेले.

"अहो?" ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "अहो, आहात का घरात?"

संध्याकाळी साडेपाचला सर आला आणि त्याने मला काढले. "अगं, विसरलोच की!" तो म्हणाला आणि कपाळाला हात लावून हसला. तीही हसली. मला दोघांच्या हसण्यात फरक ऐकू आला नाही.

पुढच्या आठवड्यात तो दोनदा विसरला. त्यानंतर विसरलो म्हणणे त्याने बंद केले. आता तो जाताना दाराशी थांबून सांगायचा, "तुझं काम नीट व्हावं म्हणून हं. तू उठून शेजारी गप्पा मारत बसतेस आणि प्लॅस्टर वाळून जातं." खोलीत पंखा होता. कोपऱ्यात नळ आणि लहानशी मोरी होती. दुपारचा डबा तो स्वतः भरून आत ठेवायचा. तिने एकदा विचारले, "पण कडी कशाला?" तो म्हणाला, "कडीचं काय एवढं? तुला कुठे जायचंय का?" तिला तेव्हा कुठेच जायचे नव्हते. तिने तसे सांगितले. माझ्या समजुतीने तिथे विषय संपला.

दर रविवारी तो माझ्या दांड्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडायचा. मऊ फडक्याने मला पुसायचा. माझा आवाज अगदीच नाहीसा झाला. त्यामुळे मी लागले की नाही, हे आत बसलेल्या बाईला दार ढकलल्याशिवाय कळत नसे. म्हणून ती ढकलून पाहायची. कधी हाताने, कधी खांद्याने, कधी नुसती बोटे टेकवून. चार महिने ती रोज असे करायची. मग तिने ढकलणे सोडून दिले.

मित्रांनो, माझा सगळ्यात मोठा गोंधळ इथून सुरू होतो. काही दिवस सर मला न लावताच शाळेत जायचा. मी बाजूला सरकलेली असायची, दार नुसते लोटलेले. हळूच धक्का दिला असता तरी ते उघडले असते. तरी ती साडेपाचपर्यंत आतच बसायची. घासण्याचा आवाज यायचा, नळाचा यायचा, एकदा तिने स्वतःशीच कसलीशी यादी म्हटली. दार मात्र जागचे हलले नाही. त्या दिवसांत मी काहीच केले नव्हते. मग ती कशाने कोंडली गेली होती? मी लागलेले दिवस मला मोजता येतात, ते दोनशे अकरा आहेत. उघडी असलेले दिवस कोणत्या हिशेबात धरायचे, ते मला कोणी सांगितलेले नाही.

एका बुधवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी सुतार घरात आला. स्वयंपाकघरातली एक फळी निसटली होती. सराने घराची किल्ली शेजारी ठेवून त्याला निरोप दिला होता. तो बोळातून जात असताना आतून आवाज आला.

"कोण आहे?"

"मी गं ताई. आत काय करतेस? फळी कुठली ती दाखव."

"बाहेरून लागलंय."

सुतार माझ्याकडे पाहत उभा राहिला. त्याच्या हातात हत्यारांची पिशवी होती, ती त्याने सावकाश खाली ठेवली. मग मला सरकवले. बहीण दारात आली. तिच्या कोपरापर्यंत पांढरे प्लॅस्टर होते.

"किती वाजले रे?" तिने विचारले.

"सव्वादोन." मग तो म्हणाला, "रोज?"

"रोज नाही."

"भाऊजी लावतात?"

"अरे, कामासाठी म्हणून—" एवढे बोलून ती थांबली. तिने मागे वळून खोलीकडे पाहिले, मग माझ्याकडे. मला वाटते, बाहेरच्या बाजूने ती मला पहिल्यांदाच नीट पाहत होती. "तूच लावलीस ना ही?" ती म्हणाली.

सुताराने पिशवी उघडली. "सामान भर," तो म्हणाला.

ती आपली हत्यारे, मेणाचे डबे आणि कपडे भरत होती, तोवर सुताराने पेचकस काढून माझे चार स्क्रू सोडवले. कोयंडाही काढला. मग भुसा, सरस, लांबी, काचपेपर. गॅलरीत दाराच्या रंगाचा उरलेला डबा होता, त्यातून दोन हात मारले. हे सगळे पन्नास मिनिटांत झाले. तो सवयीने करत होता, हे खरे. पण त्या वेळी त्याचे ओठ हलत होते, आणि बुजवलेल्या जागेवरून तो पुन्हा पुन्हा तळवा फिरवत होता. आपण केलेले काम आपणच पुसून टाकावे असे त्याला वाटत असेल काय, हे मला ठामपणे सांगता येणार नाही. तीन वाजून दहा मिनिटांनी दोघे घराबाहेर पडले. मी पिशवीत होते.

त्यानंतर दहा दिवस मी बहिणीच्या वकीलबाईंच्या टेबलावर कागदांवर वजन म्हणून होते. बहीण आणि सुतार तिथे येऊन बसत. सुताराने मला एका कोऱ्या कागदावर ठेवून पेन्सिलीने माझी बाह्यरेषा काढली, चारही भोकांच्या खुणा केल्या आणि अंतरे लिहिली. "उद्या कोणी म्हणायला नको, कडी बदलली म्हणून," तो म्हणाला. तो कागद अर्जाला जोडला गेला. त्याची एक प्रत नियमाप्रमाणे समोरच्या पक्षाला मिळाली.

एका दुपारी वकीलबाई पाणी प्यायला उठल्या तेव्हा सुतार हळूच म्हणाला, "ताई, त्यांचा निरोप आलाय. दोघांनी मिळून लिहून द्यायचं, पटत नाही म्हणून. कोणावर दोष नाही. सहा महिन्यांत मोकळी होशील."

"पण पटत नव्हतं असं झालंच नाही ना रे. मला कोंडलं होतं."

"मला कळतं गं. पण कागदावर काय लिहिलंय याने—"

"कागदावरच तर हवंय."

"लोक काय म्हणतात ठाऊक आहे ना? सरांसारखा माणूस नाही, म्हणतात. बायकोचा डबा स्वतः भरतो."

"भरायचे," ती म्हणाली. तिने मला उचलून दुसऱ्या गठ्ठ्यावर ठेवले. "तेच तर म्हणते. कुठेतरी लिहिलेलं नसलं ना, तर वर्षभरात मीही तेच म्हणायला लागेन. की माणूस चांगला होता, मलाच काहीतरी झालं होतं. आत्तासुद्धा सकाळी उठल्यावर थोडा वेळ तसंच वाटतं."

तिला काय हवे आहे, ते मला त्या दिवशी समजले. घटस्फोट तिला दुसऱ्या मार्गानेही मिळत होता. आपल्याबाबतीत काय घडले ते दुसऱ्या कोणीतरी ऐकून, तपासून, खरे म्हणून लिहावे, एवढे तिला हवे होते.

आता मंगळवार. अकरा पस्तीसला बहीण साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिली. समोरच्या वकिलांनी नम्रपणे सुरुवात केली.

"खोलीत पंखा होता?"

"होता."

"पाणी?"

"होतं."

"मोरी? जेवणाचा डबा?"

"होता. सगळं होतं."

"मग बाई, त्रास कशाचा होता?"

"दाराचा."

मागच्या बाकावर कोणीतरी हसले. वकील थांबले, हसू विरू दिले आणि म्हणाले, "आठवड्यातून किती वेळा ही तथाकथित कडी लागायची?"

"मोजलं नाही."

"मोजलं नाही. पण दार बंद आहे हे कळायचं कसं?"

"आधी ढकलून बघायची. मग सोडून दिलं."

"म्हणजे पुष्कळ वेळा दार उघडंही असू शकेल?"

वकीलबाईंनी मान खाली घातली. बहिणीने जरा विचार केला. "असू शकेल," ती म्हणाली.

तिचे उत्तर खरे होते. मी शपथेवर तसेच सांगितले असते. पण ते उत्तर लिहून घेताना लघुलेखकाची बोटे भराभर चालली, आणि मला वाटले, हे तिच्या बाजूने लिहिले जात नाही.

सव्वाबाराला सुताराची पाळी आली. कडी आपणच बाहेरून बसवली आणि आपणच काढली, असे त्याने सांगितले. मग समोरचे वकील उठले.

"तुम्ही यांचे सख्खे भाऊ?"

"हो."

"बहिणीसाठी काहीही कराल?"

"खोटं नाही बोलणार."

"बरं. सुतारकाम किती वर्षं करताय?"

"बावीस."

"काम सुबक असतं म्हणतात तुमचं."

"लोक म्हणतात," सुतार म्हणाला आणि थोडा ताठ उभा राहिला.

"कडी काढल्यावर भोकं तशीच ठेवलीत?"

"छे! तशी कशी ठेवणार? भुसा-सरस भरला, लांबी घेतली, शंभर नंबरचा काचपेपर मारला, मग बारीक. रंग जुळवला. उन्हात धरून बघा, तुम्हाला जागा सापडायची नाही."

"सापडायची नाही," वकील म्हणाले.

"हात फिरवला तरी नाही."

"म्हणजे आज त्या दारावर बाहेरच्या बाजूला कडी होती असं दाखवणारी एकही खूण नाही. आणि ती खूण तुम्ही, अर्जदाराच्या भावाने, स्वतःच्या हाताने नाहीशी केलीत. बरोबर?"

सुताराने बहिणीकडे पाहिले. ती त्याच्याकडे पाहत नव्हती, माझ्याकडे पाहत होती. "साहेब," तो म्हणाला, "भोक उघडं ठेवता येत नाही हो मला." हे वाक्यही लिहून घेतले गेले.

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. लांबी खरवडून पाहिली तर भोके सापडतील की नाही, असे त्यांनी विचारले. सापडतील, सुतार म्हणाला, पण शोधणारा त्याच कामातला हवा. तेव्हा त्यांनी आदेश दिला: न्यायालयाने नेमलेले एक वकील घरी जाऊन पाहणी करतील, सोबत कोणत्याही पक्षाशी संबंध नसलेला एक सुतार नेतील, आणि दाराच्या दोन्ही बाजू तपासतील.

गुरुवारी सकाळी अकराला मी पाकिटातून त्या घरी गेले. पाहणी करणारे वकील तरुण होते आणि घाईत होते. त्यांच्याबरोबरचा सुतार म्हातारा होता, कानावर पेन्सिल, बोटे तंबाखूच्या रंगाची. सर दारात उभा राहून सगळ्यांना पाणी विचारत होता. बहीण आणि वकीलबाई बोळात थांबल्या. तिच्या भावाला आत यायची परवानगी नव्हती.

म्हाताऱ्याने बाहेरच्या बाजूला आधी डोळे मिटून बोटे फिरवली. "कोणी भरलंय हे?" तो पुटपुटला. "हात चांगला आहे लेकाचा." मग पटाशीने हलकेच खरवडले. चार भोके निघाली. त्याने मला त्यांवर ठेवले आणि मी बसले. वकीलबाईंनी श्वास सोडला.

"आता आतली बाजू," पाहणी करणारे वकील म्हणाले.

दार वळवले गेले आणि मित्रांनो, मी ती खोली पहिल्यांदा पाहिली. इतके दिवस मला तिचा फक्त आवाज माहीत होता. ती फार लहान होती. खिडकीला जाळी, जाळीपलीकडे दुसऱ्या इमारतीची भिंत. एक स्टूल. भिंतीवर फळ्या, आणि फळ्यांवर तिने मागे ठेवलेले प्लॅस्टरचे जबडे, रांगेने, सगळे उघडे. मी या खोलीला जपते आहे, असे मला वाटायचे.

म्हाताऱ्याने आतल्या बाजूने बोटे फिरवली. तो थांबला. पुन्हा फिरवली. पटाशी लावली. तिथेही चार भोके निघाली. त्याने मला त्यांवर ठेवले. मी तिथेही बसले, अगदी केसाचाही फरक न पडता.

मग सर मऊ आवाजात म्हणाला, "मी पहिल्यापासून हेच सांगतोय."

ती भोके कोणी पाडली, केव्हा पाडली, मला ठाऊक नाही. माझ्या आधी त्या दाराला आतून दुसरी एखादी कडी असेल. पण तिची भोके माझ्याच मापाची कशी, तेही मला सांगता येत नाही. सुताराने काढलेल्या कागदावर माझी मापे होती आणि तो कागद दोन्हीकडे होता, हे मला ठाऊक आहे. यावरून काय सिद्ध होते, ते ठरवण्याचे काम माझे नाही. त्या दाराच्या आतल्या बाजूला मी त्या गुरुवारपर्यंत कधीही नव्हते, एवढेच मी खात्रीने सांगू शकते. पण मला कोणी विचारत नाही.

म्हाताऱ्याने आतल्या भोकातली लांबी नखाने दाबली आणि नाकाशी नेली. "साहेब, ही अजून मऊ आहे," तो म्हणाला. "बाहेरची दगड झालीय, ही—"

"भोकं किती?" वकिलांनी विचारले. ते लिहीत होते.

"चार. पण मी म्हणतो—"

"दोन्हीकडे चार-चार. अंतर तेच?"

"अंतर तेच."

"झालं तर."

त्यांनी लिहिले ते असे: 'दाराच्या दोन्ही बाजूंस प्रत्येकी चार बुजवलेली छिद्रे आढळली. निशाणी सात दोन्ही ठिकाणी जुळते.' म्हाताऱ्याची सही त्याखाली घेतली गेली. त्याला वाचता येते की नाही, कोणी विचारले नाही. वकीलबाईंनी मऊ लांबीचे लिहा म्हणून सांगितले. तरुण वकील म्हणाले, पाहणी छिद्रांची आहे, लांबीची नाही.

निघताना सर बोळात बहिणीच्या जवळ आला. "घरी चल ना आता," तो म्हणाला. "एवढंच असेल तर हे दारच काढून टाकतो मी. नवीन बसवू. काचेचं."

तिने पदराने हात पुसले. हात स्वच्छ होते. "दाराला हात लावू नका," ती म्हणाली.

मित्रांनो, या वयात आमच्यासारख्या वस्तूंनी तुमच्याकडे काहीतरी मागायचे असते. मला तेल द्या, मला पुसा, मला अडगळीत टाकू नका, असे. मला ते मागता येत नाही. माझी इतकी काळजी आजवर कोणीच घेतली नव्हती, जितकी त्या घरात घेतली गेली. दर रविवारी तेल, दर रविवारी फडके. म्हणून दुसरेच काही मागते. कोणतेही दार लावाल तेव्हा पलीकडे कोणी आहे का ते विचारा, आणि विचारून झाल्यावर उत्तर येईपर्यंत थांबा. हे पुरेसे आहे की नाही, मला माहीत नाही. ती बाई मी उघडी असतानाही आतच बसायची, आणि त्याला काय करायचे ते मला अजून सुचलेले नाही.

सोमवारी अहवाल न्यायालयात दाखल झाला. समोरच्या वकिलांनी तो मोठ्याने वाचून दाखवला आणि अर्ज फेटाळावा अशी विनंती केली. वकीलबाईंनी म्हाताऱ्या सुताराला साक्षीला बोलवा असा अर्ज दिला. न्यायाधीशबाईंनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि अर्जदाराला विचारले की समजुतीने वेगळे होण्याचा प्रस्ताव अजून खुला आहे, तो घेणार का. बहीण उभी राहिली. "नाही," ती म्हणाली. तिने तो शब्द दोनदा म्हटला, म्हणून लघुलेखकाने दोनदा लिहिला.

पुढच्या तारखेपर्यंत ते दार काढू नये, रंगवू नये, असा आदेश झाला आहे. म्हाताऱ्या सुताराच्या नावाने समन्स निघाले आहे. मी न्यायालयाच्या लोखंडी कपाटात, दुसऱ्या खणात आहे. काल संध्याकाळी पाच वाजता कारकुनाने कपाट बंद करताना शिपायाला समन्सचे विचारले, तेव्हा कळले की त्या पत्त्यावर म्हाताऱ्याची सून भेटली. सासरे कामावर बाहेरगावी गेले आहेत, कधी येतील ते सांगून गेले नाहीत, असे ती म्हणाली. समन्स तिने घेतले. त्यावर पोच म्हणून सही मात्र केली नाही.